गठ्ठा सोडू नये

लीलाधर झांबरेच्या घरात नारळ कधी विकत आणावा लागला नाही. जळगावात पिंप्राळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दोन खोल्यांचं घर आहे. त्या घरात वर्षभर खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याची बर्फी, खोबरं घातलेली वांग्याची भाजी, आणि काहीच सुचलं नाही तर नुसतं खोबरं असा आहार चालतो. कारण लीलाधर लेखक आहे. लेखकाला बोलावलं की लोक शाल आणि श्रीफळ देतात, आणि त्याने मानधनाचा विषय काढलाच तर 'तुमच्यासारख्या सरस्वतीपुत्राला पैशाचं काय हो' असं म्हणून आणखी एक श्रीफळ देतात. शालींचंही तेच. त्याच्या बायकोने, म्हणजे कामिनीने, काही शालींच्या गोधड्या शिवल्या, एक इस्त्रीच्या टेबलावर अंथरली आणि उरलेल्या सासूबाईंच्या खाटेवर एकावर एक घातल्या. जळगावच्या उन्हाळ्यात माणसाने शालीचं करायचं काय, हा प्रश्न सत्कार करणाऱ्या एकाही संस्थेला आजवर पडलेला नाही.

लीलाधर पोटासाठी जे लिहितो ते साहित्य आहे की नाही यावर विद्वानांत मतभेद नाहीत, कारण विद्वानांनी ते वाचलेलंच नाही. तो मंगलाष्टकं लिहितो. नवरीच्या मामापासून नवरदेवाच्या आतेभावापर्यंत सगळी नावं वृत्तात बसवायची असतात. बाकीची कशीबशी बसतात, 'उखर्डू' काही केल्या बसत नाही, आणि लग्नाचा खर्च नेमका उखर्डूमामाच करत असतो. तो निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांची मानपत्रं लिहितो, केळीच्या रोपांच्या जाहिराती लिहितो, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या लिहितो. माणूस गेल्यावर आमच्याकडे बाराव्या-तेराव्याला गंधमुक्ती करतात, त्या दिवशी वाचायच्या श्रद्धांजल्याही तोच लिहितो. एकदा घाईघाईत एका तलाठी आप्पांच्या निवृत्तीच्या मानपत्राचा शेवट 'आपल्या आत्म्यास चिरशांती लाभो' असा झाला. आप्पांनी ते काचेच्या चौकटीत घालून बैठकीत लावलंय. अजून कोणी शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

लिहिलेलं मोठ्याने वाचून तपासायची त्याला सवय. त्यामुळे त्याची आई, मंदाबाई, खाटेवर बसून हे सगळं वर्षानुवर्षं ऐकत आलेली. तिला अक्षरओळख नव्हती, पण कान भारी तिखट.

"या मास्तरचंबी तेच अन् त्या मास्तरचंबी तेच," ती म्हणायची. "बठ्ठे मास्तर मनमिळावू कसे रे निंघतात तुह्ये?"

"तसं लिहावं लागतं आई."

"मंग एकदाच लिव अन् वाटून दे."

सूचना व्यवहाराची होती, आणि खरं सांगायचं तर लीलाधर जवळपास तेच करत होता.

पण या सगळ्यातून वेळ चोरून त्याने स्वतःच्या म्हणून काही गोष्टी लिहिल्या होत्या. त्यातली पहिली, जिच्यावरून पुस्तकाला नाव दिलं ती, 'बोदवडचं स्टेशन'. ती आईची होती. नवी नवरी असताना मंदाबाई एका सकाळी सासरी भांडून घराबाहेर पडली, शेतांतून चालत बोदवडच्या स्टेशनावर गेली आणि मलकापूरकडे माहेरी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बाकड्यावर बसली. गाड्या आल्या, गेल्या. ती बसूनच राहिली. दिवेलागणीला उठली, आली तशी चालत परत गेली आणि चूल पेटवली. एवढीच गोष्ट. का परत आलीस, असं लीलाधरने लहानपणापासून शंभरदा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं. "आली परत. मंग काय."

आता 'मंग काय' वर गोष्ट संपवता येत नाही. म्हणून लीलाधरने शेवट स्वतः रचला. बाकड्यावर शेजारच्या बाईचं तान्हं रडतं, मंदाला घरी ठेवलेलं आपलं तान्हं आठवतं, पान्हा फुटतो आणि ती माघारी वळते. तान्हं अर्थातच लीलाधर. लिहिताना त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. कामिनीने वाचून म्हटलं, "छान झालंय. पण तुमच्या गोष्टीत फिरूनफिरून तुम्हीच येता." लीलाधरने ते समीक्षा म्हणून सोडून दिलं.

आईला मात्र त्याने भीतभीत सांगितलं, "आई, तुझी स्टेशनाची गोष्ट लिहिली मी. शेवट माझ्या मनाने केलाय."

मंदाबाई म्हणाली, "वाचून दाखव. मंग सांगते तुले, मी खरी काहून परत आली ते."

लीलाधर धावत जाऊन टाइप केलेले कागद घेऊन आला.

"कागदं नको," ती म्हणाली. "कागदं तर तू रोजच वाचतो, लोकाईचे. छापेल पुस्तक आन. त्यातलं वाच."

म्हणजे आता पुस्तक काढणं आलं. जगात पुस्तकं नाना कारणांनी निघतात. कोणाला कीर्ती हवी असते, कोणाला बढती. हे पुस्तक निघणार होतं ते आपल्याच गोष्टीचा खरा शेवट ऐकायला मिळावा म्हणून. लीलाधरला आयुष्यात इतकी कोणत्याच गोष्टीची ओढ लागली नव्हती.

धुळ्याला दीपकशेठ म्हणून एक प्रकाशक होते. ते कॅलेंडरं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापत आणि मध्ये मशीन रिकामं राहिलं तर साहित्य. खर्च लेखकाने करायचा आणि नफा झाला तर तो प्रकाशकाने सांभाळायचा, असा त्यांचा सरळ व्यवहार होता. लीलाधर पैसे देऊन आला आणि मग एसटीने धुळ्याच्या खेपा घालू लागला. "लगीनसराई उरकू द्या." "कॅलेंडरं निघू द्या." "कागद भिजला." "कारागीर शिंदखेड्याला साखरपुड्याला गेला." दर खेपेला दीपकशेठ चहा पाजत आणि साहित्याची सेवा किती अवघड झाली आहे हे लीलाधरलाच समजावून सांगत. मध्यंतरी त्यांनी मुखपृष्ठाचं चित्र तेवढं मोबाईलवर पाठवलं. स्टेशनातलं एक लाकडी बाकडं, त्यावर कोणी नाही. लीलाधरने ते आईला दाखवलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बरं काढलं," ती म्हणाली. "पन बाकडं सिमिटाचं व्हतं."

शेवटी एकदा दीपकशेठचा फोन आला. "तुमचे गठ्ठे घेऊन जा. लग्नपत्रिका ठेवायला जागा नाही."

धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरने गठ्ठे पाहून तोंडातली शिट्टी काढली.

"भाऊ, काय शे यामा?"

"पुस्तकं."

"बठ्ठा गठ्ठासमा पुस्तकंच? शाळानं शे का?"

"नाही, गोष्टींचं. मीच लिहिलंय."

कंडक्टरने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "आते कोन वाचस भाऊ?" तो म्हणाला, पण माणूस दिलदार होता. सामानाचं तिकीट फाडून त्याने गठ्ठे मधल्या वाटेत रचू दिले, कारण गाडीत जागा नव्हती आणि चार जणांची बसायची सोय झाली. 'बोदवडचं स्टेशन'चा पहिला वाचक कोण हे ठाऊक नाही, पण त्यावर पहिला बसणारा पारोळ्याचा एक पागोटेवाला होता आणि उतरताना त्याने लीलाधरला राम राम केला.

घरी गठ्ठे उतरवले तेव्हा मंदाबाई खाटेवरून पाय खाली सोडून तयारच बसली होती. "सोड," ती म्हणाली.

लीलाधरने सुतळीच्या गाठीला हात घातला, आणि दारात वनानाना उभे राहिले.

वनानाना शेजारचे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून ते गल्लीतल्या प्रत्येक कार्याचे बिनपगारी व्यवस्थापक होते. बारसं असो की बैठक, नाना हातात पिशवी घेऊन हजर. माणूस मनाने मोठा. पण त्यांचा सल्ला नाकारता येत नसे, कारण नाकारला तर ते दुप्पट वेळ बसत.

"थांबा!" नाना ओरडले. "लीलाधरभाऊ, गठ्ठा सोडू नका! प्रकाशन झालं का?"

"नाही अजून."

"मग? हळद लागायच्या आधी नवरी गावभर मिरवतात का? पाहुण्याने स्टेजवर रंगीत कागद फाडायचा, पुस्तक वर धरायचं, फोटो निघाला, की मग पुस्तक जन्माला आलं. त्याआधी चार जणांनी हाताळलं तर पाहुणा प्रकाशन कशाचं करील? रद्दीचं?"

लीलाधरचा हात गाठीवरच थांबला. नानांचं म्हणणं त्याला पटलं असं नाही. पण आत कुठेतरी एक जुनी भूक होती, तिला ते बरोबर लागलं. शेकडो सत्कारांचे शब्द त्याचे होते. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकत तो कायम मागच्या रांगेत, चहाच्या पिंपाशेजारी उभा राहिला होता. एकदा, एकदाच, त्याला स्टेजवरच्या खुर्चीत बसायचं होतं. आणि समोर पहिल्या रांगेत आई असावी आणि पहिली प्रत पाहुण्याच्या हातून तिच्या हातात जावी, असं त्याला फार वाटत होतं.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी कार्यक्रम घेतो. तेव्हाच दाखवतो. सगळ्यांसमोर."

"मले सगळ्याईचं काय करायचं?" मंदाबाई म्हणाली.

लीलाधरने खाटेखालचे नारळ हलवून तिथे गठ्ठे सरकवले. दुसरीकडे जागाही नव्हती.

प्रमुख पाहुणे कोण, हे नानांनी तिथल्या तिथे ठरवलं. माजी मंत्री दादासाहेब. 'तालेवार पाहुणा आणला तर माणसं येतात. नुसतं साहित्य ठेवलं तर आपण दोघंच.' दादासाहेबांच्या पीएने लीलाधरचं सगळं ऐकून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. "साहेब लग्न आणि मौत चुकवत नाहीत. बाकी कार्यक्रमाचं नक्की नसतं."

पुढच्या रविवारी साहेब मुंबईला गेले. त्याच्या पुढच्या रविवारी ते जळगावात होते, पण नाराज होते. आणि मग महापालिकेची निवडणूक लागली.

सभागृहाच्या परवानगीसाठी लीलाधर निवडणूक कार्यालयात गेला तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "पुस्तकात प्रचार कोणाचा आहे?"

"कोणाचाच नाही. माझ्या आईची गोष्ट आहे."

"आई उमेदवार आहेत का?"

"नाही हो."

"मग राजकीय पाहुणा कशाला? बरं, मुखपृष्ठ दाखवा."

लीलाधरने मोबाईल पुढे केला. साहेबांनी बाकडं पाहिलं आणि ते खुर्चीत ताठ झाले. त्यांनी शिपायाकडून चिन्हांचं पत्रक मागवलं. एका प्रभागात एका अपक्षाला निशाणी मिळाली होती, बाकडं.

"हे आचारसंहितेत बसत नाही. मतमोजणी होईपर्यंत हे पुस्तक बाहेर काढू नका. सापडलं तर जप्त होईल, मग मला म्हणू नका."

म्हणजे इतके दिवस गठ्ठे नानांच्या शास्त्राने बांधलेले होते, ते आता सरकारच्याही कायद्याने बांधले गेले. लीलाधरने घरी येऊन खाटेला खालपर्यंत लोंबेल अशी शाल घातली. त्या शालीवर एका पतसंस्थेचं नाव होतं.

"आज सोडतो का?" मंदाबाईने विचारलं.

"आई, आचारसंहिता लागलीय."

"तिले माह्या पुस्तकाचं काय करायचं?"

ती रोज विचारी. सकाळी चहा पिताना टाचेने खालच्या गठ्ठ्याला हलकेच धक्का देऊन पाही, आहे ना जागेवर. कोणी भेटायला आलं की सांगे, "माह्या लीलाचं पुस्तक आलं. माह्याच खाली हाये." पाहुणा दाखवा म्हणाला की हात हलवी. "नही बा. लगन लागायचं हाये त्याचं अजून." तिची धाकटी बहीण, बोदवडजवळच्या खेड्यातली भिकुबाई मावशी, दोन दिवस राहायला आली होती, तिलाही तेच. दोघी बहिणी शालींवर शेजारी शेजारी बसून हळू आवाजात बोलत आणि मध्येच तोंडाला पदर लावून हसत. खाली गठ्ठे.

एके दिवशी कामिनी वैतागली. "अहो, एक गठ्ठा सोडा, एक पुस्तक काढा, आईंना वाचून दाखवा आणि परत बांधा. पाहुण्याला काय स्वप्न पडणार आहे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," लीलाधर म्हणाला.

त्याच्या आयुष्यात तत्त्वाचे प्रश्न फारसे आले नव्हते. पुढाऱ्याला 'खान्देशचा वाघ' म्हणताना आला नव्हता, मास्तरांना मनमिळावू म्हणताना आला नव्हता. जो आला तो नेमका इथे.

निवडणूक संपली. बाकडं पडलं. सभागृह मिळालं, रविवार ठरला, पीएने 'बघू' ऐवजी 'बघतो' म्हटलं. लीलाधरने निमंत्रणपत्रिका लिहिली आणि जन्मात पहिल्यांदा तीत एकही खोटं विशेषण घातलं नाही. नानांनी ती घरोघर वाटली. पाहुण्याने फाडायच्या पाच प्रतींपुरता चमकीचा जांभळा कागद आणला. कामिनीने सासूबाईंचं ठेवणीतलं पांढरं लुगडं धुऊन, इस्त्री करून उशाशी ठेवलं. मंदाबाई संध्याकाळी अंगणात काठी टेकत चालायचा सराव करू लागली. स्टेजपर्यंत जायचं म्हणजे पायऱ्या असणार, असं तिचं म्हणणं.

गुरुवारी सकाळी तिने चहा तसाच ठेवला. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, म्हणाली. कामिनी रिक्षा बघायला धावली. लीलाधर आईच्या पायात चपला घालत होता.

"लीला, रविवार लांब हाये का रे?"

"नाही आई. परवाच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग सोड ना एक."

रिक्षा दाराशी लागल्याचा आवाज आला. "आधी डॉक्टरकडे जाऊन येऊ," लीलाधर म्हणाला. "आल्यावर सोडतो. शप्पथ सोडतो."

कोणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. नानाही पुढे कित्येक दिवस त्याला तेच समजावत राहिले. पण आल्यावर सोडून दाखवायला ती आली नाही. दुपारी तिला आणलं ते चार जणांनी उचलून.

खाट बाहेर काढायची म्हणून माणसांनी गठ्ठे ओढून ओसरीत नेले आणि आलेले सोयरे त्यावर टेकले. तिला तिचं पांढरं लुगडं नेसवलं. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. लीलाधर भिंतीला टेकून नुसता बघत राहिला. त्याला रडू येत नव्हतं. एवढंच वाटत होतं की कोणीतरी त्या लोकांना गठ्ठ्यांवरून उठवावं.

आता बातमी द्यायची होती. गावातल्या अर्ध्या मयतांचे शब्द ज्याने लिहिले त्याला एक ओळ सुचेना. नानांनीच त्याचा मोबाईल घेतला, त्यातला एक जुना मसुदा शोधला, नाव बदललं आणि वर्तमानपत्राला पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी जिल्हाभर गेलं की मंदाबाई झांबरे या मनमिळावू स्वभावाच्या होत्या आणि त्यांच्या पश्चात चार मुले, तीन सुना असा परिवार आहे. लीलाधर एकुलता एक. द्वारदर्शनाला, म्हणजे दारावर भेटायला, आलेले लांबचे नातेवाईक बाकीचे तिघं कुठे बसलेत म्हणून इकडेतिकडे बघत होते. आणि त्यातल्या जुन्या मंडळींनी पाणी पिऊन झाल्यावर खालच्या आवाजात, चार मुलांना एक सून कमी का, हेही विचारून घेतलं.

रविवारी तर फारच गोंधळ उडाला. प्रकाशन रद्द झाल्याचं निम्म्यांना कळलं, निम्म्यांना नाही. काही जण सभागृहावर जाऊन कुलूप बघून घरी आले. काही जण घरी आले ते पुष्पगुच्छ घेऊन. एका निवृत्त प्राचार्यांनी दारातच "अभिनंदन!" म्हणून हात पुढे केला आणि आतलं दृश्य पाहून तोच हात कपाळाला लावला. पुष्पगुच्छ मंदाबाईच्या फोटोपुढे ठेवत गेले. एकावर 'लेखकास हार्दिक शुभेच्छा' अशी चिठ्ठी होती. कामिनीने ती काढली नाही.

आणि दादासाहेब आले. न बोलावता आले, वेळेवर आले, तीन गाड्या घेऊन आले. सतरंजीवर मांडी घालून बसले, लीलाधरच्या गुडघ्यावर हात ठेवून खरोखर हळवे झाले. पीए मागे उभा होता. तो खोटं बोलला नव्हता.

गंधमुक्ती जवळ आली तसा आलेल्यांना भांडं काय वाटायचं, हा प्रश्न निघाला. आमच्याकडे स्टीलचा डबा नाहीतर तांब्या देतात, वर गेलेल्या माणसाचं नाव कोरून. कामिनीने तांब्यांचं ठरवलं होतं. नाना ओसरीत गठ्ठ्यांकडे बघत बराच वेळ बसले होते.

"पुस्तकं वाटा," ते म्हणाले. "तिच्या नावाने. मीच बांधून ठेवायला लावले होते." आणि त्यांनी पिशवीतून रुमाल काढून डोळ्यांना लावला.

गठ्ठे सोडले ते नानांनीच. गाठी ओढून ओढून घट्ट झाल्या होत्या, विळीने कापाव्या लागल्या.

त्या दिवशी मांडवात सभागृहात मावली नसती एवढी माणसं होती. बोदवडची, अमळनेरची, धुळ्याहून दीपकशेठ. लीलाधरने स्वप्नात पाहिली होती तशी पहिली रांगही होती, फक्त तिथे खुर्चीत फोटो होता. दादासाहेबांच्या हातात नानांनी सवयीने जांभळ्या कागदातली प्रत दिली. साहेबांनी सवयीने कागद फाडला, पुस्तक वर धरलं आणि फोटोग्राफरकडे पाहिलं. माणसांचे हात टाळीसाठी उठले. मग सगळ्यांना एकदमच आठवलं की आज टाळी वाजवायची नसते. ते हात अर्ध्यातच जोडले गेले. फाटलेला चमकी कागद वाऱ्याने सतरंजीवर फिरत राहिला.

"कैलासवासी मंदाबाईंनी आपल्या लेखणीतून," साहेब माईकवर म्हणाले, "स्त्रीजीवनाची व्यथा मांडली आहे." त्यांना पुस्तक कोणाचं हे कोणी सांगितलं नव्हतं. नाना खडबडून उठायला निघाले, लीलाधरने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. साहेब दहा मिनिटं एका निरक्षर बाईच्या लेखणीबद्दल बोलले, आणि लीलाधरला त्यात फारसं चुकीचं काही वाटलं नाही.

पंगती उठल्या. माणसं जेवून, एका हातात पान आणि एका हातात पुस्तक घेऊन निघाली. "यंदा तांब्या नाही का?" असं दोघातिघांनी विचारलं, पण तेवढ्यापुरतंच. जाताना कामिनीच्या माहेरच्यांनी लीलाधरच्या डोक्याला पागोटं बांधलं, टॉवेल दिला आणि नारळ दिला.

सगळं सामसूम झाल्यावर भिकुबाई मावशी मोकळ्या खाटेवर येऊन बसली. तिच्याही हातात एक प्रत होती. तिने ती उलटीसुलटी केली, वास घेतला, मुखपृष्ठावर बोट फिरवलं.

"बाकडं सिमिटाचं व्हतं," ती म्हणाली. "वाच मले. तिच्या वाटचं मी आयकते."

लीलाधर खाली बसला. इतके दिवस ज्या पुस्तकाला हात लावला नव्हता ते त्याने उघडलं आणि वाचायला लागला. शेतांतली वाट, स्टेशन, गाड्या. मावशी डोळे मिटून मान हलवत होती, मध्येच "हो" म्हणत होती. शेजारच्या बाईचं तान्हं रडायला लागलं, मंदाला घरचं तान्हं आठवलं, आणि इथे लीलाधर वाचता वाचता अडला.

मावशीने डोळे उघडले. "हे पोट्टं कोनाचं रे?"

"मीच. मला घरी ठेवून आली होती ना ती."

"तू?" मावशीला हसूच आलं, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. "तू कुठी व्हता बापा तवा? लगनाचं पहिलंच वरस व्हतं ते. तुह्या जन्माले लई अवकाश व्हता."

लीलाधर पानाकडे पाहत राहिला. शंभरदा विचारलं होतं त्याने, का आलीस परत. कधी गेली होतीस, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता बोदवडपासून धुळ्यापर्यंत घरोघर गेलेल्या प्रत्येक पुस्तकात, त्या बाकड्यावर बसलेल्या बाईला, अजून न जन्मलेला लीलाधर झांबरे हाका मारत होता. दुसऱ्याच्या बाबतीत घडलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

"मग का आली गं ती परत?"

मावशीने पदराने नाक पुसलं.

"मले नही ठाऊक," ती म्हणाली. "म्याबी लई डाव इचारलं. मागं आली व्हती ना मी राह्याले, तवाबी इचारलं. तर म्हने, आता नही सांगत तुले. माह्या लीलानं त्याच्या मनानं लिवलं हाये. तो वाचून दाखवनार हाये. त्यानं वाचलं का मंग त्यालेच सांगीन पहिले."

लीलाधरने पुस्तक मिटलं नाही. तान्हं जिथे रडत होतं त्या ओळीवर बोट ठेवून तो तसाच बसून राहिला, आणि तो पुढे वाचेल म्हणून मावशी खाटेवर वाट पाहत राहिली.